सहलीची एकूण संख्या

गेल्या महिन्यात एका कामासाठी एर्लांगेनला जाऊन आले. परतीच्या गाडीला तासभर होता आणि पाय आपोआप त्या जुन्या गल्लीत वळले. कोपऱ्यावर सायकलींचा ढीग तस्साच होता. दुकान मात्र गेलं होतं. जिथे आमचं रायझेब्युरो होतं, सहलींचं बुकिंग करून देणारं ते एका खोलीचं दुकान, तिथे आता बबल टी मिळतो. गुलाबी भिंती, गुलाबी खुर्च्या आणि आत चार मुली पेल्यातले काळे साबुदाणे नळीने ओढत बसलेल्या. म्हटलं, घ्या! एवढी प्रगती करून जग शेवटी साबुदाण्यावरच आलं.

मी फोटो काढून लेकीला पाठवला. आम्ही आता डार्मश्टाटला असतो. ती तिथेच वाढली, मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमधूनच येतं. लगेच मेसेज आला, ‘उंड? वास वार दा?’ म्हणजे, बरं मग, तिथे काय होतं?

काय होतं म्हणून काय विचारतेस बाई! तिथे आमचा एक अख्खा हिवाळा होता. मी आत जाऊन आंब्याचा चहा का काय तो घेतला आणि खिडकीपाशी बसले. दुकान चालवणाऱ्या क्राउसबाईंचं टेबल साधारण तिथेच असायचं.

तो दोन हजार पाच-सहाचा हिवाळा. आमच्या लग्नाला वर्ष व्हायचं होतं. मी युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होते, मेंदूच्या स्कॅनवर. मिलिंद, माझा नवरा, गावातले निम्मे लोक ज्या विजेच्या मोठ्या कंपनीत जातात तिथेच लागला होता. तिसऱ्या मजल्यावर दीड खोलीचं घर. त्या घराचा वास अजून नाकात आहे. हाइझुंगवर, म्हणजे भिंतीतल्या हीटरवर, वाळत टाकलेले लोकरीचे मोजे, हिंग-मोहरीची फोडणी आणि नव्या गुळगुळीत कागदाचा, शाईचा वास. तो कॅटलॉगांचा.

तेव्हा सुट्टी कॅटलॉगमधून निवडायची असायची. टेलिफोन डिरेक्टरीएवढे जाड, रंगीत, फुकट. शनिवारी सकाळी बाजारात कोबी-बटाटे घ्यायचे, तुर्की दुकानातून कोथिंबिरीची जुडी घ्यायची आणि मग क्राउसबाईंच्या दुकानातून कॅटलॉग उचलून सायकलच्या बास्केटमध्ये कोथिंबिरीशेजारी ठेवायचे. घरी येईपर्यंत ग्रीसच्या बेटांना कोथिंबिरीचा वास लागलेला असायचा. मी पान उघडून आधी नाक खुपसायचे. मिलिंद म्हणायचा, ‘वास घेऊन झाला असेल तर पान उलट.’

बाहेर चार वाजता अंधार. नदीवरून धुकं यायचं ते थेट जिन्यापर्यंत. समोरच्या इमारतीतली आजी रोज त्याच वेळेला खिडकीची लाकडी झडप खाली ओढायची, खडखडखड, आणि दिवस संपायचा. आणि आमच्या टेबलावर मात्र निळाच निळा रंग. निळे तलाव, निळे घुमट, निळ्या छत्र्या. आम्ही दोघं मुगाची खिचडी खात त्या निळ्यात बोट फिरवत बसायचो. किती सुखात होतो आम्ही, तेव्हा कळलं नाही असंही नाही. तेव्हाही कळत होतं.

खरं तर सुट्टी म्हणजे घरी जाणं, एवढंच आम्हाला माहीत होतं. वर्षभर रजा साठवायची, चार बॅगा भरायच्या आणि मेहकर, माझं माहेर, गाठायचं. मेहकरात पोचलं की मावशी, आत्या, लग्नं, बारशी. जिथे कुणीच ओळखीचं नाही अशा गावाला मुद्दाम जायचं, ही जर्मन लोकांची गंमत आम्हाला कळायला वेळ लागला. मी आईला फोनवर ग्रीसचं पहिल्यांदा बोलले तेव्हा तिने फार साधं विचारलं, ‘तिथे आपलं कोण आहे?’

‘कुणी नाही.’

‘मग उतरणार कुणाकडे?’

आईचं चूक नव्हतं. ती आयुष्यात कधी कुणाकडे न उतरता कुठे गेलेलीच नव्हती.

पण माझ्या डोक्यात ग्रीसचं एक ठरावीक बेट शिरलं त्याला कारण आई नव्हती, मिलिंदही नव्हता. बाबा होते.

बाबांनी मेहकरच्या हायस्कुलात उभा जन्म भूगोल शिकवला. आठवीत ते माझ्याच वर्गावर होते. वर्गात मी त्यांना ‘सर’ म्हणायचे आणि ते मला हजेरीपटावरच्या नंबराने हाक मारायचे. ‘नंबर एकोणीस, उभी राहा.’ आणि घरी आल्यावर तेच सर नंबर एकोणीसच्या वह्यांना खाकी कव्हरं घालून द्यायचे, कोपरे अगदी इस्त्री केल्यासारखे दुमडून.

शाळेत युरोपचा नकाशा एकच, आणि तोही भूमध्य समुद्रावरच्या घडीवर फाटलेला. त्यामुळे बाबा फळ्यावर स्वतः काढायचे. खडू एकदा टेकवला की इटलीचा बूट, ग्रीसची बोटं, तुर्कस्तान, सगळं एका दमात. खडू उचलायचे नाहीत. वर्ग गप्प. फक्त खडूची कुरकुर आणि बाहेर लिंबावर पोपटांचा कालवा. मग ग्रीसच्या खाली ठिपके द्यायचे, आणि एका ठिपक्याच्या जागी अर्धा चंद्र. ‘हे सँटोरिनी. हे बेट नाही, ही कड आहे. मधला डोंगर फुटला, उरलेला खाली बसला आणि समुद्र आत शिरला.’ मागे वळायचे तेव्हा त्यांच्या भुवयांवर खडूची धूळ असायची. आम्ही खुदखुदायचो.

आणि दर वर्षी डिसेंबरात आठवीची सहल लोणारला, उल्का पडून झालेल्या तळ्यावर. लाल एसटी, खिडक्यांचा खडखडाट, डब्यात भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. बस थांबायच्या आधीच तळ्याचा वास यायचा, खारट, उग्र, दोन दिवस नाकात बसून राहणारा. बाबा कड्यावर एकेकाच्या हातात दगड द्यायचे. ‘नुसता बघू नका. जिभेला लावा.’ आणि पन्नास पोरं जीभ बाहेर काढून दगड चाटत उभी! शेजारून जाणारे लोक थांबून बघायचे. मग बाबा डोक्याला रुमाल बांधून कडेला उभे राहायचे आणि म्हणायचे, ‘हे वरून पडलेलं. खालून फुटलेलं एक बघायचं राहिलं.’

दर वर्षी हेच वाक्य. वरच्या वर्गातल्या मुलांनी ते आम्हाला आधीच सांगून ठेवलेलं असायचं, म्हणून सगळे हसायचे. मीही हसले होते. सगळ्यांत मोठ्याने.

तर त्या नोव्हेंबरात एका संध्याकाळी मी पान उलटलं आणि घुमटांच्या फोटोंखाली कोपऱ्यात विमानातून काढलेलं एक चित्र होतं. अर्धा चंद्र. बाबा काढायचे तस्सा, थोडा डावीकडे कललेला. माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मला बाबांना तिथे न्यायचं होतं. दुसरं काही नाही, पोहायचं नाही, घुमट नाहीत. बाबांना त्या कडेवर उभं केलेलं बघायचं होतं.

मिलिंदला सांगितलं. तो म्हणाला, ‘मग विचार की त्यांना. फोन उचल आणि विचार.’

म्हणे विचार! त्याच्या घरात त्याचे वडील नि तो एकमेकांच्या पाठीवर थापा मारून बोलतात, त्याला काय जातं म्हणायला. आमच्याकडे बाबांना सरळ काही विचारायची पद्धतच नव्हती. धाक होता असं नाही, बाबांनी कधी आवाजसुद्धा चढवला नाही. पण जे काही असेल ते आईला सांगायचं, बाबा पेपर वाचत बसलेले असताना, त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. ‘आई, पुण्याला इंजिनिअरिंगला नंबर लागतोय.’ पेपर हलायचा नाही. थोड्या वेळाने पेपरामागून यायचं, ‘होस्टेल बरं आहे का विचार तिला.’ म्हणजे हो. माझं शिक्षण असं ठरलं, जर्मनी असं ठरलं. मिलिंदसुद्धा असाच ठरला. ‘मुलगा पोहे आवडीने खातो का विचार तिला’, एवढ्यावर.

म्हणून मीही आडून सुरुवात केली. म्हटलं, बाबांना एकदा त्या बेटात गुंतवलं, की पुढचं आपोआप होईल. परवानगी मागायचीच वेळ येणार नाही.

रविवारी सकाळी दहाला फोन. आशियाई दुकानातून आणलेलं कॉलिंग कार्ड, नाण्याने खरवडायचं, मग तो भलामोठा नंबर दाबायचा, मग एक बाई इंग्रजीत सांगायची किती मिनिटं उरलीत. तिकडे अडीच वाजलेले, जेवणं आटोपलेली, मागे रेडिओ. माझाच आवाज एका सेकंदाने मला परत ऐकू यायचा.

‘बाबा, जयभीम. ते सँटोरिनी आहे ना, सप्टेंबरात जावं म्हणतोय. कसं बघायचं असतं ते?’

बाबांनी घसा खाकरला. वर्गात शिरताना खाकरायचे तसाच. ‘उतरणार कुठल्या बाजूला? आतल्या कड्यावर, की बाहेरच्या उतारावर?’

मला कुठे माहीत होतं! मी म्हटलं, विचारून सांगते.

झालं. त्या रविवारपासून बाबा निवृत्त राहिले नाहीत. त्यांनी ट्रंकेतला ॲटलास काढला. तालुक्याच्या ग्रंथालयातून कुठला तरी जाडजूड खंड घरी आणला, तोही नियमाविरुद्ध, ग्रंथपाल त्यांचाच विद्यार्थी म्हणून. आई वैतागून सांगायची, ‘जेवणाच्या ताटाशेजारी तो ठोकळा घेऊन बसतात. परवा वरणाचं बोट लागलं पानाला, तर मलाच ओरडले, की वाटी तिकडे का ठेवली!’ मला हसू आवरायचं नाही. बाबा आणि ओरडले!

दर रविवारी बाबा प्रश्न द्यायचे, मी ते पाकिटाच्या मागे लिहून घ्यायचे आणि शनिवारी क्राउसबाईंपुढे ठेवायचे. क्राउसबाई साठीच्या, लाल नखांच्या, टेबलावर चघळायच्या गोड, रबरासारख्या गोळ्यांची बशी ठेवणाऱ्या. त्यांच्याकडे लोक येऊन विचारायचे, हॉटेलपासून समुद्र किती दूर, नाश्ता धरलाय का, पोहण्याचा तलाव गरम असतो का. आणि मी विचारायचे, खिडकीतून कड्यातले राखेचे थर दिसतात का?

‘राख?’ त्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत घातलं. ‘आल्झो, लोक तिथे सूर्यास्त बघायला जातात.’

हे मी रविवारी बाबांना सांगितलं. ‘सूर्यास्त मेहकरलाही होतो,’ बाबा म्हणाले.

पुढच्या शनिवारी क्राउसबाईंनी बशी माझ्यापुढे सरकवत विचारलं, ‘तुमचे वडील भूगर्भशास्त्रज्ञ आहेत का हो?’

‘गेनाऊ,’ म्हणजे अगदी बरोबर, मी ठोकून दिलं. तेव्हापासून बाबा त्या दुकानात हेर प्रोफेसर झाले. ‘हेर प्रोफेसर काय म्हणतात या आठवड्यात?’ आणि गंमत अशी, की बाई स्वतःच पेटल्या. मधल्या काळ्या बेटापर्यंत होडी जाते, तिथे जमिनीतून अजून वाफ येते, हे त्यांनीच शोधून काढलं आणि मला इतक्या उत्साहाने सांगितलं, की मागे रांगेत उभा असलेला म्हातारा म्हणाला, मलापण तिथलंच तिकीट द्या.

मी हे बाबांना सांगितलं. मग ते हळूच म्हणाले, ‘अजून वाफ येते?’ मला तो आवाज ऐकून इतकं बरं वाटलं. वाटलं, आता ठरलंच.

मिलिंद मध्येच फोन हिसकावून घ्यायचा. ‘सर, एक दिवस नुसतं लोळायची परवानगी आहे का?’ बाबा जावयाशी फार बोलायचे नाहीत, पण त्याचं ‘सर’ त्यांना आवडायचं. विचार करून म्हणाले, ‘चौथा दिवस मोकळा ठेवू.’

नाताळ आला. बाजारात लेबकुखनचा, नाताळच्या दालचिनी-लवंग घातलेल्या बिस्किटांचा वास, लोकरी टोप्यांवर भुरभुर बर्फ. आम्ही क्राउसबाईंना घरचे रव्याचे लाडू नेऊन दिले. त्यांनी चार माणसांसाठी दोन खोल्या धरून ठेवल्या होत्या, आतल्या कड्यावरच्या, जानेवारी संपेपर्यंत. ‘हेर प्रोफेसरना पुढची खोली,’ त्या म्हणाल्या आणि लाडवाचा भुगा ब्लाउजवरून झटकला.

जानेवारीत इन्स्टिट्यूटच्या कॉफीच्या खोलीत उरलाउबप्लान लागतो, अख्ख्या वर्षाच्या रजांचा तक्ता. कोण सप्टेंबरात कुठे असणार हे जर्मन माणसाला जानेवारीत ठाऊक असतं. मी हिरव्या पेन्सिलीने सप्टेंबरचे दोन आठवडे रंगवले. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, ‘या वर्षी भारत नाही?’ मी म्हटलं, ‘या वर्षी भारतच इकडे येणार आहे.’ काय तोरा होता माझा!

त्याच आठवड्यात आईने विचारलं, ‘दिवाळीला तरी याल ना?’

‘अगं, रजा सगळी सप्टेंबरात जाणार. आपलं ठरलंय ना.’

‘काय ठरलंय?’

‘बाबांना विचार,’ मी हसून म्हटलं. आई ‘बरं’ म्हणाली. आता वाटतं, तिथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती.

आंब्याचा तो चहा संपत आला होता. तळाचे साबुदाणे काही केल्या नळीत येईनात. काचेबाहेर एक बाई पाटी वाचत थांबली, आत डोकावली आणि निघून गेली. तिचंही इथे काही राहिलं असेल.

पत्र जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी आलं. खाकी पाकीट, वर बाबांचं फळ्यावरचं अक्षर. मी जिन्यातच फाडलं. आत रेघा आखलेले चार कागद. मथळा लाल शाईने: ‘शैक्षणिक सहल: सँटोरिनी’. त्याखाली सहलीचा उद्देश. मग दिवसवार तपशील. दिवस पहिला, आगमन, विश्रांती, सायंकाळी कड्याचे प्रथम दर्शन. दिवस दुसरा, कडेवरून चालत जाणे, डाव्या हाताला थर मोजणे. दिवस तिसरा, होडीने ज्वालामुखीकडे. बूट जाड तळव्यांचे, सँडल चालणार नाही. चौथा दिवस मोकळा. पाचवा दिवस, बाहेरच्या बाजूचा किनारा, तिथली काळी वाळू हातात घेऊन बघणे, आपल्या शेतातल्या काळ्या मातीची बहीणच आहे. सोबत आणायचे साहित्य: टोपी, पाण्याची बाटली, शिट्टी, बादली. बादली कशाला, तर तिथला एक दगड पाण्यात तरंगतो, तो तरंगवून बघायला. मी जिन्यात उभी राहून एकटीच हसत होते. शेवटच्या पानावर अर्धा चंद्र काढला होता, एका दमात, खालीवर कुठे रेघ तुटलेली नाही.

आणि चंद्राखाली लिहिलं होतं: ‘सहलीची एकूण संख्या: दोन’.

मी परत वाचलं. वर गेले, कोट न काढताच मिलिंदपुढे कागद धरला.

‘दोनच लिहिलेत,’ मी म्हटलं.

मिलिंदने डोकं खाजवलं. ‘अगं, शाळेच्या सहलीत सरांना कुठे मोजतात? संख्या म्हणजे मुलांची.’

मला एकदम हायसं वाटलं. खरंच की! बाबा लोणारला कधी स्वतःला मोजायचे नाहीत. मग खालची ओळ वाचली. ‘सहलीहून परतल्यावर सविस्तर वृत्तांत लिहून पाठवणे. वाफेला वास कसा येतो ते विसरू नये. इकडे आम्ही वाट पाहू.’

मी स्वयंपाकघरात जाऊन सिंकपाशी उभी राहिले आणि मला रडूच फुटलं. तीन महिने हा माणूस ॲटलास घेऊन बसला, ताटात वरण गार झालं. कुठल्या बाजूला उतरायचं, कुठले बूट घालायचे, सगळं त्याला ठाऊक. आणि आपणही तिथे जाऊ शकतो हे त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. तो माझा गृहपाठ तपासत होता. आणि मी शहाणी, एवढी डॉक्टरेट करायला निघालेली, मला एक वाक्य सरळ बोलता आलं नव्हतं.

मिलिंदने मुकाट्याने कार्ड खरवडून नंबर लावून दिला.

‘कोण? आज शनिवार ना?’ बाबांचा आवाज घाबरलेला. ‘काय झालं? बरी आहेस ना?’

‘बरी आहे. बाबा, तुमचं पत्र मिळालं.’

‘हां. ते बुटांचं नीट वाच.’

‘बाबा, त्यात एक चूक आहे.’

बाबांची चूक आजवर कुणी काढली नव्हती, निदान तोंडावर तरी. ‘कुठल्या दिवसात?’ त्यांनी विचारलं आणि कागद चाळल्याचा आवाज आला. त्यांनी नक्कल ठेवली होती.

‘दिवसात नाही. संख्येत. चार माणसं आहेत.’

‘तिकडचे कुणी मित्र येतायत का बरोबर?’

‘तुम्ही येताय, बाबा. तुम्ही आणि आई. आधी इकडे एर्लांगेनला यायचं, मग आपण चौघांनी जायचं. खोल्यासुद्धा धरून ठेवल्यात, तुम्हाला कडेवरची.’

माझाच आवाज मला परत ऐकू आला, ‘कडेवरची’. मागे आई विचारत होती, काय म्हणते, अहो, काय म्हणते ती?

‘मी कशाला?’ बाबा शेवटी म्हणाले. अगदी सहज, जराही कुरकुर न करता. ‘माझं सगळं वाचून झालंय ते.’

मी आयुष्यात पहिल्यांदा बाबांवर ओरडले. ‘वाचून झालंय म्हणे! आणि मी तिथे जाऊन काय करू? मला कुठला थर कुठला कळणार आहे का? मी येड्यासारखी घुमटांचे फोटो काढत बसेन! मी हे सगळं तुमच्यासाठीच ठरवत होते, पहिल्या रविवारपासून. तुम्ही येणार नसाल तर मला नाही जायचं. सोमवारीच रद्द करते!’ आवाज फुटला, नाक वाहायला लागलं, मिलिंद टॉवेल घेऊन धावला. त्यात ती कार्डातली बाई मध्येच बोलली, की एक मिनिट उरलं आहे.

पलीकडे बाबांनी घसा खाकरला. परत खाकरले. मला वाटलं, आता नाही म्हणतील. माझ्या मनात आलं, हे मिनिट संपलं तर दुसरं कार्ड घरात नाही.

‘बरं, मला सांग,’ बाबा म्हणाले. पेपरामागून नाही, आईला नाही, मला म्हणाले, आणि आवाज कुठल्या तरी आठवीतल्या मुलाचा असावा तसा बारीक झाला होता. ‘पासपोर्टला फोटो लागतो ना, तो चष्म्यासकट लागतो की चष्म्याशिवाय?’

मला माहीत नव्हतं. ‘दोन्ही तऱ्हेचे काढून ठेवा, बाबा,’ मी म्हणाले. ‘आजच जा.’